रेडिओचा आवाज कमी करू नका: एत्तोरे स्कोलाचा ‘अ स्पेशल डे’ राजकीय कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सोफिया लॉरेन आणि मार्चेल्लो मास्त्रोयानी यांचा ‘अ स्पेशल डे’ (१९७७) तुम्ही घरी लॅपटॉपवर पाहिलात. फॅसिझमखालच्या आयुष्यावरचा अभिजात राजकीय चित्रपट म्हणून त्याचं नाव ऐकलं होतं. पाहिल्यावर ती एका दिवसाची, अर्धवट राहिलेली प्रेमकहाणी वाटली. मागे रेडिओ अखंड कोकलत होता, त्याचा त्रास व्हायला लागला, म्हणून तुम्ही आवाज कमी करून सबटायटल्सवर भागवलंत. शेवटी ती बाई काहीच करत नाही, यानं आणखी हिरमोड झाला. आणि आता सोसायटीतल्या चित्रपट गटाला हा दाखवावा की नाही, लोक कंटाळतील का, असा पेच आहे.

यातला पहिला आणि शेवटचा प्रश्न एकाच ठिकाणी अडकलेत असं मला वाटतं. मोर्चे, अटकसत्र, छळछावण्या, भाषणं ठोकणारा हुकूमशहा यातलं काही पडद्यावर नसेल तर राजकारण शोधायचं कुठे, ही तुमची खरी अडचण आहे. मी चित्रपटांचं ध्वनिसंयोजन करते. मराठी चित्रपट जास्त, अधूनमधून माहितीपट. त्यामुळे माझं उत्तर कानांकडून येणार. एखादा इतिहासाचा अभ्यासक किंवा समीक्षक दुसऱ्या टोकानं सुरुवात करील आणि तेही बरोबरच असेल. पण माझ्या कामाच्या बाजूनं पाहिलं तर गोष्ट सरळ आहे: तुम्ही जो आवाज कमी केलात, त्याच आवाजात या चित्रपटातला फॅसिझम आहे. तो काढला की उरते ती खरोखरच एक प्रेमकहाणी. तुम्ही चुकीचं काही पाहिलं नाहीत, अर्धंच ऐकलंत.

दोन गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. लॅपटॉपच्या स्पीकरमधून हा चित्रपट नीट ऐकू येणं कठीणच. जवळचा संवाद आणि लांबचा रेडिओ यांच्यात जे अंतर राखलेलं असतं ते त्या स्पीकरमध्ये सपाट होतं, आणि मग रेडिओ संवादाच्या मागे न राहता त्याच्या अंगावर येतो. त्यामुळे तुम्हाला त्रास झाला यात तुमचा दोष नाही. दुसरं म्हणजे कॉपी. इंग्रजीत डब केलेली असेल तर ती बाजूला ठेवा. इटालियन ध्वनिपट्टीच हवी, भाषा कळली नाही तरी. का, ते पुढे येईल.

आता तो दिवस. ६ मे १९३८, रोम. हिटलर ३ मेच्या रात्री रेल्वेनं रोममध्ये आला. सहा तारखेला त्याच्यासाठी मोठं लष्करी संचलन होतं. राजा व्हिक्टर इमॅन्युएल, मुसोलिनी आणि हिटलर एका मंचावर, आणि अख्खं शहर रस्त्यावर. (अख्खं म्हणजे अगदी अख्खं नव्हे. पोप अकरावे पायस आपला मुक्काम रोमबाहेर कास्तेल गांदोल्फोला हलवून बसले होते आणि व्हॅटिकनची संग्रहालयं बंद ठेवली होती. पण ती वेगळी गोष्ट.) यानंतर दोनच महिन्यांनी इटलीत वंशाचा जाहीरनामा निघाला आणि शरद ऋतूत ज्यूविरोधी कायदे आले. दिग्दर्शक स्कोला त्या दिवशी सात वर्षांचा व्हायला चार दिवस कमी होता. म्हणजे हा काळ त्यानं पुस्तकातून शोधून काढलेला नाही, त्याच्या बालपणाचाच आहे.

चित्रपट सुरू होतो तो त्या दौऱ्याच्या खऱ्या वृत्तपटानं. काळीपांढरी दृश्यं, सजवलेली स्थानकं, रांगा, झेंडे, आणि निवेदकाचा तो फुगलेला आवाज. हा भाग चांगला लांब आहे आणि पुष्कळ लोक तो पुढे ढकलतात. तुम्हीही ढकलला असाल तर परत जा, कारण दिग्दर्शक इथे तुमच्या कानाला एक सवय लावतोय. हा आवाज, ही लय, हा उत्साह एकदा कानात बसला की पुढचा दीड तास तोच आवाज भिंतीपलीकडून आला तरी तुम्हाला डोळ्यांसमोर ती गर्दी दिसते. वृत्तपट संपल्यावर संचलनाचं एकही दृश्य चित्रपटात नाही. एकही नाही. सगळा सोहळा आपण फक्त ऐकतो.

मग पहाट. एक अजस्र निवासी इमारत, मधला चौक, इमारतीची देखरेख करणारी बाई झेंडे लावतेय. कॅमेरा चौकातून भिंतीवरून सरकत एका खिडकीतून आत आंतोनिएत्ताच्या (सोफिया लॉरेन) स्वयंपाकघरात शिरतो. ही इमारत सेट नाही. रोममधल्या व्हियाले व्हेंतुनो आप्रिले या रस्त्यावर ती आजही उभी आहे, पालाझ्झो फेदेरिची नावानं. मारियो दे रेन्झी या वास्तुविशारदानं १९३०च्या दशकात बांधलेली, चारशेहून जास्त बिऱ्हाडांची. माझ्यासारखीला ती इमारत पाहिल्याबरोबर कळतं की इथे आवाज कसा वागणार. चारी बाजूंनी उंच सपाट भिंती, मध्ये विहिरीसारखा चौक, काचेचे जिने. अशा जागी एका कोपऱ्यात रेडिओ लावला तर तो कुणा एकाच्या घरात राहत नाही.

आंतोनिएत्ता सहा मुलांची आई आहे. नवरा आणि मुलं गणवेश चढवून संचलनाला निघतात, त्यांच्याबरोबर सगळी इमारत निघते. जिन्यांवरून उतरणाऱ्या पावलांचा तो लोंढा ऐका. दोनतीन मिनिटांत सगळं रिकामं होतं आणि चौक एकदम मोठा वाटायला लागतो. मागे राहतात तीन माणसं. घरकाम संपत नाही म्हणून आंतोनिएत्ता. समोरच्या बाजूला सहाव्या मजल्यावर गाब्रिएले (मास्त्रोयानी). आणि खाली ती देखरेखवाली बाई, जिनं रेडिओ मोठ्यानं लावून ठेवलाय.

इथे थोडं माझ्या कामाबद्दल सांगते, म्हणजे स्कोलानं काय वेगळं केलं ते कळेल. समजा पडद्यावर दोघं स्वयंपाकघरात बोलताहेत आणि शेजारी रेडिओ चालू आहे. आमची नेहमीची पद्धत अशी की दृश्य सुरू होताना रेडिओ चारदोन सेकंद ठळक ऐकवायचा. प्रेक्षकाला कळलं की पहिल्या संवादाबरोबर तो खाली घ्यायचा, आणि तिसऱ्या वाक्यापर्यंत जवळपास काढूनच टाकायचा. कुणाच्या लक्षातही येत नाही. मिक्सिंगला बसलेल्या दिग्दर्शकाची पहिली तक्रार बहुधा हीच असते: ‘संवादावर येतंय, अजून खाली घ्या.’ आणि तो बरोबरही असतो, कारण त्या दृश्यात रेडिओला काही काम नसतं. वातावरण दाखवून झालं, त्याची गरज संपली.

‘अ स्पेशल डे’मध्ये रेडिओची गरज संपतच नाही. तो खाली जातो, दबतो, पुन्हा वर येतो, पण सोडून जात नाही. पलटणींची नावं, जयघोष, बँड, जर्मन आणि इटालियन संचलनगीतं, पुन्हा समालोचन. हे समालोचन त्या काळच्या ध्वनिमुद्रणांतून घेतलेलं आहे, त्यामुळे त्यातला जोर नटानं आणलेला वाटत नाही. इटालियन ध्वनिपट्टीचा माझा आग्रह त्यासाठीच.

तो कुठून येतो, याकडेही लक्ष द्या. भिंतीपलीकडचा आवाज तयार करायचा तर आम्ही वरच्या पट्टीतला तिखटपणा कापतो. ‘स’, ‘त’ बोथट होतात, शब्द कळेनासे होतात, नुसती गुणगुण उरते. उघड्या चौकातून येणारा आवाज तसा नसतो. तो भिंतींवर आपटत आपटत येतो, थोडा घुमतो, पण शब्द शाबूत असतात. फक्त दिशा हरवते. खिडकीतून येतोय की दारातून, वरून की खालून, सांगता येत नाही. पूर्वी क्रिकेटची कसोटी चालू असताना वाड्यांच्या गल्लीतून चालत गेलं तर एकही चेंडू चुकायचा नाही, कारण प्रत्येक खिडकीतून तेच समालोचन यायचं. आपल्याला त्याची मौज वाटायची, कारण ते ऐकायचं की नाही हे आपल्या हातात होतं. आंतोनिएत्ता आणि गाब्रिएले यांच्या हातात त्या रेडिओचं बटण नाही. त्यांना तो ऐकायचाय का, हे कुणी विचारलेलं नाही. आणि बंद करायला सांगितलं तर देखरेखवाली बाई ते लक्षात ठेवील, वर कळवील. हुकूमशाहीचं रोजचं रूप दाखवायला याहून स्वस्त आणि याहून अचूक साधन मला माहीत नाही.

यात इतिहासाशी खेळ केलेला नाही, हेही सांगायला हवं. इटलीची सरकारी प्रसारण संस्था एइआर या नावानं १९२७ पासून चालत होती. रेडिओ घरोघरी जावा म्हणून १९३७ मध्ये ‘रेडिओ बालिल्ला’ नावाचा स्वस्त संच काढला, किंमत ४३० लिरा. बालिल्ला हे मुलांच्या फॅसिस्ट संघटनेचंही नाव. शाळांत आणि चौकांत कर्णे होतेच. ज्याच्या घरी संच नाही त्यालाही ऐकू जावं, अशी व्यवस्था होती. स्कोलानं तीच एका इमारतीत बसवली.

आता गाब्रिएले. तुमच्या लिहिण्यात त्याचा उल्लेख ‘तो एकटा, सभ्य माणूस’ एवढाच आहे, आणि इथेच आवाज कमी करण्याचा फटका बसलाय. गाब्रिएलेचा व्यवसाय काय? तो एइआरचा निवेदक आहे. होता. त्याला काढून टाकलंय, कारण तो समलिंगी आहे आणि ते वर कळलंय. ज्या संस्थेचा आवाज दिवसभर त्याच्या खोलीत घुसतोय, त्याच संस्थेत तो काल-परवापर्यंत बोलत होता. आता तिथे दुसरा माणूस बोलतोय, आणि याच्या टेबलावर पिस्तूल आहे. पाकिटांवर पत्ते लिहिणं हे त्याचं त्या दिवशीचं काम. आंतोनिएत्ताची पाळलेली मैना पिंजऱ्यातून उडून त्याच्या खिडकीजवळ जाऊन बसते आणि ती दार वाजवते, म्हणून तो त्या क्षणापुरता वाचतो.

त्याच्यावर कसला खटला चाललेला नाही, हे लक्षात घ्या. १९३०च्या इटालियन दंडसंहितेत समलिंगी संबंधांसाठी वेगळं कलम नव्हतं. इटलीच्या मर्दांमध्ये असलं काही नसतंच, असा आव होता. पण १९२६ पासून पोलिसांच्या हातात दुसरं हत्यार होतं: कोर्टात न नेता माणसाला एखाद्या बेटावर किंवा दूरच्या गावी स्थानबद्ध करून टाकायचं. गाब्रिएलेला सार्डिनियाला न्यायचंय, त्याच संध्याकाळी. मार्को नावाच्या माणसाशी तो फोनवर फार जिव्हाळ्यानं बोलतो. एका काळच्या निवेदकाचा आवाज आता फक्त टेलिफोनच्या तारेत उरलाय.

आंतोनिएत्ताची बाजू याच्या उलट. ती त्या आवाजाची भक्त आहे. तिनं मुसोलिनीच्या चित्रांची वही केलीय, कपड्याच्या बटणांनी त्याचं चित्र केलंय, एकदा तो घोड्यावरून जाताना दिसला होता ती आठवण ती नव्या नवरीसारखी सांगते. वहीत त्याची वचनं चिकटवलेली आहेत. त्यातलं एक गाब्रिएले वाचून दाखवतो, प्रतिभा फक्त पुरुषातच असते अशा अर्थाचं, आणि विचारतो, हे तुम्हाला पटतं? तिला पटतं. दिवसभर राबणारी, नवऱ्याच्या बाहेरख्यालीपणानं पोळलेली, कमी शिकल्याबद्दल मनातून लाजणारी ही बाई तिला कमी लेखणारं वाक्य जपून ठेवते. मला संपूर्ण चित्रपटात ही वही सगळ्यात भयंकर वाटते, पिस्तुलापेक्षा. पण तिच्याकडे पाहताना चित्रपट नाक मुरडत नाही. ती मूर्ख नाही. तिच्यापर्यंत दुसरा आवाज कधी पोचलेलाच नाही.

आणि या दिवशी तो पोचतो. फार छोट्या गोष्टींतून. गाब्रिएले तिला ‘थ्री मस्केटियर्स’ ही कादंबरी आणून देतो. तिच्या स्वयंपाकघरात कॉफी दळतो. मुलांची एका पायानं ढकलायची स्कूटर घेऊन घरभर फिरतो. स्वतःच्या घरी त्यानं जमिनीवर पावलांच्या खुणा मांडून ठेवल्यात, रुंबा नाच शिकायला. यातलं एकही काम त्या काळच्या ‘मर्दा’चं नाही. कॉफी दळण्याचा तो करकर आवाज, स्कूटरच्या चाकांचा आवाज, ग्रामोफोनची तबकडी: आम्ही ज्याला फोली म्हणतो असे हे बारीकसारीक आवाज इथे रेडिओच्या विरुद्ध बाजूला उभे आहेत. कॉफीयंत्र फिरतं तेव्हा रेडिओ थोडा मागे हटल्यासारखा वाटतो. थांबलं की परत येतो. तुम्ही दोन्हींचा आवाज कमी केलात, त्यामुळे ही झटापट तुमच्यापर्यंत पोचली नाही.

आता जिन्यातलं दृश्य. माझ्या मते चित्रपटाचा कणा तोच आहे.

त्याआधी गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींमध्ये दोघं असतात. तो गमतीनं तिला चादरीत गुंडाळतो, ती त्याचा वेगळा अर्थ लावते, त्याचं चुंबन घेते, आणि तो सांगतो की तुम्ही समजता तसा मी नाही. ती त्याच्या थोबाडीत मारते. इथवर ते दोघांतलं आहे, खासगी आहे. पण गाब्रिएले तिच्या मागोमाग जिना उतरत येतो आणि ओरडायला लागतो. स्वतःबद्दल, समाज ज्या शिवीनं त्याला हाक मारील ती शिवी वापरून, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात. त्याच चौकात, जिथे सकाळपासून फक्त एक आवाज घुमतोय.

ध्वनीच्या हिशेबानं पाहिलं तर त्या इमारतीत राहणाऱ्या कुणीतरी रेडिओच्या तोडीचा आवाज लावण्याची ही एकच वेळ. तो माणूस आवाजाचा कसबी आहे. आपला आवाज कुठवर जाईल हे त्याला नेमकं माहीत आहे, आणि तो जाऊ देतो. खाली ती देखरेखवाली ऐकत असेल, हेही त्याला माहीत आहे. आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. मुसोलिनीच्या राज्यात पुरुष म्हणजे नवरा, बाप आणि सैनिक. यातला मी कुणीच नाही, असं तो याआधी शांतपणे म्हणालेला असतो. अविवाहित पुरुषांवर १९२७ पासून वेगळा करच होता, आणि सातव्या मुलानंतर सरकारी सवलत. आंतोनिएत्ताचा नवरा त्याच रात्री सातव्याची भाषा करतो आणि नावही ठरवतो: आदोल्फो. माणसाच्या गादीपर्यंत सरकार कसं येतं हे यापेक्षा कोरडेपणानं सांगता येणार नाही.

गाब्रिएलेचं एक वाक्य तुम्ही सबटायटलमध्ये वाचलं असेलच. देखरेखवाली सांगते की तो फॅसिझमविरोधी आहे. त्यावर त्याचं म्हणणं असं की सहाव्या मजल्यावरचा भाडेकरू फॅसिझमच्या विरोधात नाहीये, फॅसिझमच सहाव्या मजल्यावरच्या भाडेकरूच्या विरोधात आहे. या वाक्यावर पुष्कळ लिहिलं जातं, मी जास्त लिहीत नाही. एवढंच लक्षात ठेवा की हा माणूस क्रांतिकारक नाही. त्याला शांतपणे जगायचं होतं, नोकरी करायची होती.

मग तुमची दुसरी तक्रार: ती शेवटी काहीच करत नाही. खरं आहे, करत नाही. ती त्याच्या घरी परत जाते, माफी मागते, दोघं आम्लेट खातात, एकत्र येतात. आणि तो सांगतो की हे सुंदर होतं, पण त्यानं काही बदलत नाही. इथे दुबळा दिग्दर्शक असता तर त्यानं प्रेमानं त्याला ‘बरं’ केलं असतं, नाहीतर तिला बंडखोर केलं असतं. स्कोला आणि त्याचे सहलेखक रुजेरो मक्कारी व मॉरित्सियो कोस्तान्झो यांनी दोन्ही मोह टाळलेत.

आणि तिनं काय करायला हवं होतं, असं तुम्हाला वाटतं? हे मी वाद घालायला विचारत नाही. १९३१ मध्ये इटलीतल्या विद्यापीठांच्या प्राध्यापकांना सरकारशी निष्ठेची शपथ घ्यायला सांगितली. सुमारे बाराशे प्राध्यापकांपैकी नकार दिला तो जेमतेम डझनभरांनी. शिकलेली, नाव असलेली, परदेशात ओळखी असलेली माणसं होती ती. आणि आपण अपेक्षा धरतो सहा मुलांच्या, पैसा हातात नसलेल्या आंतोनिएत्तानं त्या रात्री काहीतरी करावं अशी. तिच्या हातात येतं ते एवढंच: सगळे जेवून आपापल्या कामाला लागल्यावर ती खिडकीशी बसून ते पुस्तक वाचायला घेते. समोरून दोन माणसं गाब्रिएलेला घेऊन जाताना तिला दिसतं. मग ती दिवे घालवून झोपायला जाते, नवऱ्याशेजारी. तिला उद्यापासून रेडिओ वेगळा ऐकू येईल का, याचं उत्तर चित्रपट देत नाही. मला ते योग्य वाटतं. दिलं असतं तर मी त्यावर विश्वास ठेवला नसता.

सगळंच मला पटतं असंही नाही. पिंजऱ्यातून उडालेली मैना हे प्रतीक फार सोपं आहे. कथेला दार वाजवायला निमित्त हवं होतं म्हणून ठीक, पण त्याचा अर्थ आपल्याला जरा जास्तच समजावून दिला जातो. लॉरेनबद्दलचा आक्षेपही तुम्ही ऐकाल, की एवढी देखणी बाई थकलेली गृहिणी म्हणून पटत नाही. मला तो फारसा लागू वाटत नाही. तिच्या चालण्यात, बसताना सोडलेल्या श्वासात, आरशासमोर घाईनं केस सारखे करण्यात जो थकवा आहे तो नुसत्या रंगभूषेनं येत नाही. मास्त्रोयानीला या भूमिकेसाठी ऑस्करचं नामांकन मिळालं, ते रास्तच; पण दोघांत कठीण काम तिचं होतं. जाता जाता एक गंमत: तिच्या मुलींपैकी एकीचं काम आलेस्सांद्रा मुसोलिनीनं केलंय. ती लॉरेनची भाची आणि मुसोलिनीची सख्खी नात.

थोडक्यात, तुम्हाला दिसलेली प्रेमकहाणी खोटी नाही. तिच्याभोवती आवाजाचं जे कुंपण आहे त्यामुळे ती राजकीय होते, आणि ते कुंपण पडद्यावर दिसत नाही, म्हणून कानानं पाहायचं.

आता गटाला दाखवण्याबद्दल. दाखवाच, पण थोडी तयारी करून. २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात याच्या पुनरुज्जीवित आवृत्तीला पारितोषिक मिळालं. शक्यतो तीच मिळवा. छायालेखक पास्क्वालिनो दे सान्तिसनं रंग मुद्दाम उडवलेत, सगळं तपकिरी-राखाडी आहे. कुणीतरी नक्की उठून प्रोजेक्टरचं सेटिंग बदलायला जाईल. त्याला आधीच सांगून ठेवा.

आवाजासाठी टीव्हीचे किंवा प्रोजेक्टरचे स्वतःचे स्पीकर वापरू नका. दोन साधे स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, कानाच्या उंचीवर, एवढं पुरे. हॉल घुमत असेल तर मागच्या भिंतीवर जाड पडदे किंवा सतरंज्या टांगा. आवाजाची पातळी वृत्तपटावर ठरवू नका, तो मुळातच कर्कश आहे. सकाळच्या स्वयंपाकघरातला संवाद शेवटच्या रांगेत स्पष्ट ऐकू येईल इतपत ठेवा आणि मग शेवटपर्यंत बटणाला हात लावू नका. रेडिओ खुपेल. खुपू द्या.

आधी बोलायचं तर तीन-चार मिनिटं पुरेत. तारीख, हिटलरचा दौरा, अविवाहितांवरचा कर, न्यायालयाविना स्थानबद्धता, एवढं सांगा. गाब्रिएलेबद्दलची गोष्ट सांगू नका, ती आंतोनिएत्ताबरोबरच कळायला हवी. गटात शाळकरी मुलं येत असतील तर त्यांच्या पालकांना आधी कल्पना द्या: शारीरिक जवळिकीचं दृश्य संयत आहे, पण आहे, आणि जिन्यातली शिवी सबटायटलमध्ये स्पष्ट येते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना हा चित्रपट जड जाईल असं मला वाटत नाही. उलट शाळेच्या गणवेशात रांगेनं उभं राहणाऱ्यांना त्यातलं काही आपल्यापेक्षा लवकर कळेल.

नंतरच्या चर्चेत ‘कसा वाटला’ असं विचारलंत तर गाडी प्रेमकहाणीवरच जाईल. त्याऐवजी विचारा की रेडिओ कधी ऐकू येईनासा झाला होता, आणि तो खरंच बंद झाला होता का. पुष्कळांना आठवणार नाही. मग जिन्यातला प्रसंग पुन्हा लावा.

चित्रपट पावणेदोन तासांचा आहे. इंटरव्हल घेऊ नका. मंडळी ऐकणारच नसतील तर गच्चीवर जायच्या आधी थांबा, नंतर अजिबात नको. आणि पुन्हा सुरू करा ते सगळ्यांचा चहा संपल्यावरच.